पायरीचे गुण

दोन अधिक दोन चार होतात, याबद्दल महाड तालुक्यात एकमत आहे. पोलादपुरातही आहे. मतभेद सुरू होतात ते एखाद्या पोराने पाच लिहिल्यावर. एक मास्तर म्हणतो, शून्य. दुसरा म्हणतो, असं कसं? दोन्ही संख्या नीट उतरवल्यात, अधिकचं चिन्ह ओळखलंय, बरोबरचं चिन्ह जागच्या जागी आहे, उत्तर फक्त एकाने हुकलंय. दोनातला एक तरी द्या बिचाऱ्याला. तिसरा मास्तर काहीच बोलत नाही. तो नुकताच मॉडरेटरच्या मीटिंगला जाऊन आलेला असतो.

गणिताचे पेपर तपासायला सोपे, असं मराठीचे आणि इतिहासाचे शिक्षक समजतात. 'तुमचं काय बुवा, जुळलं की बरोबर, नाही जुळलं की फुली!' हे वाक्य स्टाफरूममध्ये ऐकून घेणं हा आमच्या भाऊजींच्या नोकरीचा भागच झालाय. भाऊजी महाडच्या बाजूला एका हायस्कुलात गणित शिकवतात. माझी ताई पोलादपूर तालुक्यात डोंगरातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर आहे. शाळा सातवीपर्यंत, शिक्षक तीन. आणि आमचे अण्णा हे निवृत्त मास्तर. अशा घरात जेवायला बसलं की आमटीत मीठ कमी आहे की नाही यावरही गुणदान होतं, आणि ते तिघांचं तीन प्रकारचं होतं.

दहावीच्या पेपरांबद्दल मात्र भाऊजी घरात चकार शब्द काढत नाहीत. गोपनीय काम. रायगड जिल्हा नकाशात कोकणात असला तरी बोर्डाच्या हिशेबी तो मुंबई विभागात, वाशीला जोडलेला. कोकण विभाग म्हणजे फक्त रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. त्यामुळे पोलादपूरचं पोर दहावीच्या परीक्षेपुरतं का होईना, आयतं मुंबईकर होतं. बीजगणित ४० गुणांचं, भूमिती ४० गुणांची, आणि उरलेले २० गुण शाळेच्या हातात. त्या वीस गुणांचा महाराष्ट्रात कुठे दुष्काळ पडल्याचं ऐकिवात नाही. खरी कसोटी लेखी ऐंशीची, आणि ती तपासायचा मोसम नेमका शिमग्याचा. पालखी नाचवायला चाकरमानी सुट्टी काढून मुंबईहून गावाला येतात, आणि गणिताचा मास्तर गावात असून घरी सापडत नाही. संध्याकाळी तो परत आला की तोंडावरून ओळखायचं. नुसताच दमलेला असेल तर बीजगणित. शून्यात बघत चहात बिस्किट बुडवून ते तसंच विसरला असेल तर भूमितीच्या सिद्धता.

हे गुण द्यायचे कसे, याचं एक शास्त्र आहे. उत्तरसूची नावाचा कागद येतो. त्यात प्रत्येक उदाहरणाच्या पायऱ्या पाडलेल्या असतात आणि पायरीपायरीवर गुण ठेवलेले असतात. सूत्राला अर्धा, किमती घातल्या की अर्धा, आकडेमोडीला एक. मीटिंगमध्ये त्या कागदावर तासन् तास खल होतो. पहिल्या पायरीवर सात गुणिले आठ चोपन्न लिहिलं आणि पुढचं सगळं त्या चोपन्नला धरून बरोबर केलं, तर कापायचे किती? नियम असा की चूक एकदाच कापायची. पुढच्या पायऱ्यांवर मुलगा आपल्याच चुकीशी प्रामाणिक राहिला असेल, तर त्या प्रामाणिकपणाचे गुण त्याला मिळतात. हा नियम कळल्यावर मला गणित या विषयाबद्दल पहिल्यांदाच माया वाटली. संसारात ही सवलत कुणी देत नाही.

अण्णांना हे सगळं थोतांड वाटतं. त्यांच्या काळी उत्तर बरोबर तर गुण, चूक तर भोपळा. गंमत अशी, की अण्णांना पावकी, निमकी, सवायकी, दिडकी सगळं तोंडपाठ. औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, ते अजून झोपाळ्यावर बसून घडघडा म्हणतात. अपूर्णांकांवर इतकी हुकमत असलेल्या या माणसाने उभ्या नोकरीत कुणाला अर्धा गुण दिला नाही.

'अहो जावईबापू,' ते एकदा म्हणाले, 'अर्धवट काम केलेल्याला पैसे द्यायचे, हा कुठला न्याय?'

'अण्णा, मुंबई-गोवा महामार्ग बघा,' भाऊजी शांतपणे म्हणाले. 'चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. तेव्हापासून सरकार पायरीचेच गुण देत आलंय की नाही?'

अण्णा गप्प बसले. महामार्गाचं नाव काढलं की दक्षिण रायगडातला माणूस वाद हरतो.

आता ताईकडची तऱ्हा. शिक्षणहक्क कायदा आला, आठवीपर्यंत नापास करणं बंद झालं, आणि परीक्षा गेली म्हणून पोरांनी उड्या मारल्या. परीक्षा नुसतं नाव बदलायला गेली होती. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' सुरू झालं आणि त्याच्याबरोबर पायाभूत चाचणी आली. पुढे २०२३ साली ती तिसरी ते आठवीच्या मुलांसाठी नव्या थाटात अवतरली: आधी पायाभूत, मग संकलित एक, मग संकलित दोन. प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी. प्रश्नपत्रिका राज्यभर एकच, उत्तरसूची राज्यभर एकच. गडचिरोलीपासून सावंतवाडीपर्यंत सगळी पोरं त्याच सुमारास त्याच शेतकऱ्याच्या त्याच आयताकृती शेताला कुंपण घालत असतात. पायाभूत चाचणी येते भर पावसाळ्यात. पोलादपूर तालुक्यात तेव्हा आंबेनळी घाटात दरड कुठे आली याची चौकशी करून लोक घराबाहेर पडतात. प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, छातीशी धरून शाळेत पोचतो. तो उघडल्यावर दिसतं की पेपर काढणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक मूल आहे, आणि ते मूल पोलादपूरचं नाही.

त्या कुंपणाचंच बघा. शेत ४० मीटर लांब, ३० मीटर रुंद, कुंपणाला तार किती लागेल? ताईच्या वर्गातल्या एका पोराने सूत्र लिहिलं, किमती घातल्या, १४० मीटर उत्तर काढलं, खाली दोन रेघा मारल्या, आणि मग एक ओळ जोडली: 'पण वानर वरून येतात.' उत्तरसूचीत या ओळीला गुण नाहीत. कापायचेही नाहीत. पण ज्याच्या परसातली काकडी वानरांनी नेलीय, त्याला १४० मीटर हे उत्तर अपुरं वाटणारच.

दुसरा पेपर. 'रमेशने २४ आंबे ३ मित्रांना समान वाटले. प्रत्येकाला किती आंबे मिळाले?' सूची म्हणते, ८. वर्गातल्या एका मुलीने लिहिलं, ६. ताईने तिला जवळ बोलावून विचारलं, 'अगं, तीनने भागायचं ना?' ती म्हणाली, 'बाई, मग रमेश काय नुसता बघत बसणार?' भागाकार बरोबर, बाकी शून्य, समान वाटणीची जाण पेपर काढणाऱ्यापेक्षा जास्त. गुण किती? यावर आमच्याकडे रात्री अकरापर्यंत चर्चा झाली. अण्णा म्हणाले, शून्य. भाऊजी म्हणाले, रीतीचा एक. ताई म्हणाली, सूचीप्रमाणे एक आणि माझ्या मनात दोन.

तिसरा. 'एक बस ताशी ४० किमी वेगाने जाते. १२० किमी अंतर जायला तिला किती वेळ लागेल?' उत्तर: '३ तास, माणगावला ट्रॅफिक नसेल तर.' या पोराचा बाप मुंबईला कामाला आहे, हे सांगायला ज्योतिषी नको. आणि व्यस्तप्रमाणाचं ते अजरामर उदाहरण: '८ मजूर एक रस्ता १५ दिवसांत करतात, तर १२ मजूर किती दिवसांत करतील?' पोराने १० दिवस हे उत्तर रीतसर काढलं आणि पुढे कंसात लिहिलं, '(पाऊस पडेपर्यंत)'. आता ही अट पेपर काढणाऱ्याने घालायला हवी होती की नको, तुम्हीच सांगा.

भाऊजींच्या हायस्कुलातली घटक चाचणी गोपनीय नसते, म्हणून तिथला एक नमुना देतो. पायथागोरसच्या प्रमेयावरचं शिडीचं उदाहरण: १० मीटर लांबीची शिडी भिंतीला टेकवली, खालचं टोक भिंतीपासून ६ मीटरवर, तर वरचं टोक किती उंचीवर? आकृती काढायला एक गुण. एक पोरगा पोलादपूर तालुक्यातल्या उमरठकडचा. उमरठ म्हणजे तानाजी मालुसऱ्यांचं गाव, समाधी तिथलीच. त्याने भिंतीऐवजी तटबंदी काढली. शिडीऐवजी दोर काढला, आणि दोराच्या वरच्या टोकाला, चार पाय तटाला रोवून बसलेली, शेपटीसकट घोरपड. काटकोनाची खूण जागेवर होती. बाजूंना नावं होती. उत्तर ८ मीटर, बरोबर. मात्र आकृतीच्या नादात त्याने प्रमेयाचं नाव लिहायचं सोडलं होतं आणि तिथे अर्धा गेला. पोरगा पेपर घेऊन वाद घालायला आला. भाऊजी म्हणाले, 'बाळा, आकृतीचा एक गुण तुला दिलाय. घोरपडीला सूचीत गुण नाहीत.' तरी ती उत्तरपत्रिका त्यांनी सगळ्या स्टाफरूमला दाखवली, आणि चित्रकलेच्या सरांनी घोरपडीच्या नखांना आपल्यातर्फे शाबासकी दिली.

अंदाजाचे प्रश्न तर तपासणाऱ्याची परीक्षा बघतात. 'तुमच्या घराच्या दाराची उंची अंदाजे किती?' सूचीत दोन मीटरच्या आसपासचं काहीही चालतं. महाड शहरातल्या एका पोराने लिहिलं होतं, 'पुराच्या रेघेच्या खाली.' जुलै २०२१ चा पूर ज्यांनी पाहिला, त्यांच्या घरांच्या भिंतींवर ही रेघ रंग देऊनही डोळ्यांना दिसते. एकक लिहिलेलं नव्हतं, म्हणून नियमाने अर्धा कापायला हवा. तपासणाऱ्या बाईही महाडच्याच. त्यांना ते एकक कळलं.

संख्या अक्षरांत लिहिण्याचा प्रश्न हे आणखी एक जळतं घर. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात त्रेसष्टच्या जोडीला 'साठ तीन' असं वाचन आलं आणि महाराष्ट्रात रणकंदन माजलं. विधानसभेपर्यंत कोट्या पोचल्या. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर शांतपणे समजावत होत्या की आपण बोलतो आधी तीन आणि मग साठ, लिहितो मात्र आधी सहा. त्यामुळे लहान मुलं गोंधळतात. ज्यांनी कधी 'सत्तेचाळीस' सांगून पोरांकडून ७४ लिहून घेतलेत, अशा बाईंना वर्गात बसल्याबसल्या हे पटलं होतं. ज्यांना पटलं नाही, ते वर्गात नव्हते.

पण मला कायमचा छळणारा पेपर या सगळ्यांहून साधा आहे. '४६ रुपये किलो दराने साडेनऊ किलो कांद्यांची किंमत किती?' तीन गुण. एका मुलाने सगळी मांडणी केली. किंमत बरोबर दर गुणिले वजन. ४६ गुणिले ९.५. उभा गुणाकार, हातचे वर बारीक अक्षरात, सगळं नीटनेटकं. शेवटी दशांशचिन्ह एक घर सरकलं आणि उत्तर आलं ४३ रुपये ७० पैसे. सूचीप्रमाणे तीनपैकी दोन. दुसऱ्या मुलाने काहीच मांडलं नाही. नुसतं लिहिलं: ४३७ रुपये. सूचीप्रमाणे तीनपैकी एक, कारण पायऱ्याच नाहीत.

हा दुसरा मुलगा सुट्टीत आईबरोबर महाडच्या बाजारात भाजी घेऊन बसतो. ताईने त्याला विचारलं, कसं काढलंस रे? तो म्हणाला, 'दहा किलोचे ४६०. अर्ध्या किलोचे २३. ते वजा केले.' म्हणजे कंसातली वजाबाकी बाहेरच्या संख्येने गुणण्याचा नियम, जो पुढे बीजगणितात ज्याला त्याला रडवतो, तो याने कांद्याच्या ढिगाशी बसून वापरला. आणि ज्या पोराच्या दुकानात आपण साडेनऊ किलो कांदे चव्वेचाळीस रुपयांच्या आत आणू शकतो, त्याला दुप्पट गुण. अण्णा झोपाळ्यावरून उठले. 'मी सांगत होतो,' ते म्हणाले, 'उत्तर बघा, उत्तर!' त्या दिवशी पहिल्यांदा भाऊजींना लगेच उत्तर सुचलं नाही. थोड्या वेळाने म्हणाले, 'अण्णा, तुमच्या पद्धतीने याला तीन आणि त्याला शून्य. शेजारच्याच्या पेपरात बघून ४३७ लिहिलं असतं, तरी तीनच दिले असतेत. पायऱ्या मागायच्या त्या पोराच्या डोक्यात काय चाललंय ते कळावं म्हणून. याच्या डोक्यात चाललं होतं, कागदावर आलं नाही. त्याला लिहायला शिकवणं आमच्याकडे लागलं.'

गणितातलं गुणदान कसं डळमळीत असतं, याचा शोध काही महाडात लागलेला नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट या दोघांनी १९१२ साली इंग्रजीच्या उत्तरपत्रिकांच्या प्रती शाळाशाळांतल्या शिक्षकांना तपासायला पाठवल्या. गुणांत प्रचंड फरक निघाला. लोक म्हणाले, भाषेचा विषय, तिथे हे चालायचंच. गणितात करून दाखवा. १९१३ साली त्यांनी भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक गणित शिक्षकांकडून तपासून घेतली. शंभरपैकी गुण तिशीच्या आतपासून नव्वदीच्या पुढपर्यंत पसरले. तोच पेपर, तीच सिद्धता. एका शाळेत नापास, दुसऱ्या शाळेत हुशार. कुणी रीतीला गुण दिले, कुणी नुसत्या उत्तराला, कुणी टापटिपीचे कापले. मी मोठ्या उत्साहाने ही हकिगत भाऊजींना सांगितली. त्यांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, 'मॉडरेटरची मीटिंग झाली नव्हती वाटतं त्यांची?'

थट्टा सोडली तर मुद्दा तोच. शंभर मास्तरांनी एका पोराला साधारण एकसारखे गुण द्यावेत, म्हणून उत्तरसूची, म्हणून मीटिंग, म्हणून परीक्षकावर नियामक आणि नियामकावर मुख्य नियामक. वाशीच्या पोराला वाशीत मिळाला असता तो न्याय पोलादपूरच्या पोरालाही मिळावा, एवढाच या उतरंडीचा हेतू. अडचण अशी, की सूची जितकी बारीक करावी तितकी ती वानरांना, रमेशला आणि ४६० वजा २३ ला बाहेर ठेवते.

त्यात आता यंत्र आलं. चाचणीचे पेपर तपासून झाले की विद्या समीक्षा केंद्राच्या चॅटबॉटवर प्रत्येक मुलाचे गुण भरायचे. ताईच्या शाळेत नेटवर्क येत नाही. ते येतं देवळामागच्या कातळावर, तेही ढग वर असतील तर. म्हणून ऑगस्टच्या पावसात एका हातात छत्री, काखेत गुणतक्ता आणि दुसऱ्या हातात मोबाइल अशा अवस्थेत तीन शिक्षकांतला एक जण त्या कातळावर उभा असतो. गावातली म्हातारी माणसं त्याच्याकडे बघून हात जोडतात; त्यांना वाटतं, गुरुजी देवाचं काहीतरी करतायत. तेवढ्यात ग्रुपवर केंद्रप्रमुखांचा मेसेज येतो: 'आपल्या केंद्राचं काम मागे आहे, आजच पूर्ण करा.' त्याच्या पाठोपाठ पोषण आहाराची माहिती, त्याच्या पाठोपाठ वृक्षारोपणाचे फोटो, त्याच्या पाठोपाठ एक नवी लिंक, आणि लिंक उघडत नसल्याचं कळवायला दुसरी लिंक. या धबडग्यात रमेशच्या वाट्याच्या सहा आंब्यांचा विचार करायला कुणाला सवड असणार? सूचीत ८ आहे, कागदावर ६ आहे, फुली मारून मोकळं व्हायचं.

उत्तरसूच्या मी ताईच्या टेबलावर पुष्कळ चाळल्यात. त्यांच्यात कुठेतरी तळाशी एक ओळ हमखास सापडते. मुलाने वेगळ्या, पण योग्य रीतीने उदाहरण सोडवलं असेल तर त्याला गुण द्यावेत, अशा अर्थाची. वरचा सगळा कागद उद्या एखादं यंत्र वाचेल आणि आपल्यापेक्षा चोख वाचेल; त्याला शिमगा नाही, चहा नाही, पाठदुखी नाही. पण वेगळी रीत योग्य आहे की अयोग्य, हे ठरवायला त्या पोराला जवळ बोलावून 'कसं काढलंस रे?' असं विचारणारं माणूस लागतं. शिक्षक नेमला जातो तो त्या एका ओळीसाठी.

तेव्हा वरच्या साहेबांना एकच विनंती. चाचण्या घ्या, वर्षातून तीन घ्या, हरकत नाही. गुणही मागवा. फक्त पेपर तपासायचे ते चार दिवस वृक्षारोपणाचे फोटो मागू नका. झाडं कुठे पळून जात नाहीत. पोराच्या डोक्यातली रीत मात्र दुसऱ्या दिवशी विचारलं तर त्यालाही आठवत नाही.